काय फुकट द्यावं, कशाचे पैसे घ्यावेत

समजा, तुम्ही मराठवाड्यातल्या तेरला राहता. गावाची माहिती, देवळांचे फोटो, संत गोरोबाकाकांच्या कथा, संग्रहालयातल्या वस्तूंच्या गोष्टी असं बरंच काही गेली दोन-तीन वर्षं ऑनलाइन टाकत आला आहात. लोक वाचतात, ‘फार छान’ म्हणतात, पुढे पाठवतात. आता यातून चार पैसे उभे राहिले तर बरं, असं वाटू लागलं आहे. एखादी पुस्तिका काढावी, नकाशा छापावा, ऑडिओ करावा. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. सगळं तर आधीच फुकट देऊन बसलो, आता विकायचं काय? की यापुढे फुकट देणं बंदच करायचं?

वाचक माहितीचे पैसे देतो, असं आपण धरून चालतो म्हणून हे प्रश्न पडतात. माहितीचे पैसे मराठी वाचक देत नाही, आणि त्यात त्याचं फारसं चुकतं असंही मला वाटत नाही. आपले कष्ट दुसऱ्या कुणीतरी उपसले असतील, तर त्याचे पैसे तो खळखळ न करता देतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण स्वयंपाकघरातलं आहे. ‘मधुराज रेसिपी’च्या मधुरा बाचल यांनी अमेरिकेत असताना २००९ साली यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. पुढे त्यांनी स्वतःचे मसालेही विकायला काढले. गंमत अशी की कांदा-लसूण मसाला घरी कसा करायचा, हेही त्यांच्याच चॅनेलवर फुकट पाहायला मिळतं. मग तयार पाकीट घेतं कोण? मिरच्या वाळवा, देठं काढा, खोबरं भाजा, डंकावर रांग लावा, हे सगळं बघून ‘हे आपल्याच्यानं होणार नाही’ असं ज्याला कळतं, तो. कृती हातचं न राखता दाखवलेली असते, म्हणून पाकिटातल्या मसाल्यावरही भरवसा बसतो. अर्धी कृती दाखवून ‘बाकीची पाकिटावर वाचा’ असं केलं असतं, तर ना कृती कुणी पाहिली असती ना मसाला खपला असता.

हे शहाणपण इंटरनेटबरोबर आलेलं नाही. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची खबरबात देण्यासाठी. हळूहळू नांगराची खबर कमी आणि वाचण्यासारखा मजकूर जास्त होत गेला, आणि ‘खबर’चं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडं आली. नांगराच्या पाठोपाठ निघालेला कागद लोकांना स्वतःच विकत घ्यावासा वाटू लागला.

‘ललित’ची गोष्ट प्रकाशकांनी जास्त बारकाईनं पाहावी अशी आहे. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी हे मासिक १९६४ साली सुरू केलं. पुस्तकं विकणाऱ्या माणसानं पुस्तकांविषयीचं मासिक काढलं म्हटल्यावर ते सूचीपत्रासारखं निघायला हरकत नव्हती. पण त्यात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावानं जयवंत दळवी लिहीत होते, आणि नामवंत लेखकांची टोपी उडवत होते. ‘या महिन्यात ठणठणपाळनं कुणाला धरलंय’ हे बघायला अंक हातात घेणारा वाचक त्याच अंकातून नव्या पुस्तकांकडेही वळत होता. विक्रीच्या शेजारी ठेवलेल्या मजकुराला स्वतःचा जीव हवा. तुमच्या लेखाखालची ‘पुस्तिका मागवा’ ही ओळ पुसून टाकली, तर उरलेला लेख कुणी आवर्जून वाचेल का? वाचणार नसेल, तर ती जाहिरात झाली. जाहिरात करा, पण मग तिला मोफत लेख म्हणू नका.

काय फुकट द्यावं आणि कशाचे पैसे घ्यावेत, यावर ऑनलाइन मराठीत तीन वेगवेगळी उत्तरं सापडतात. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ पुस्तकंच फुकट देतं. वाचून झाल्यावर लेखकाला फोन करा, अभिप्राय कळवा, आणखी चार जणांना सांगा, एवढंच ते मागतं. हौशी लेखकाला यासारखं सुख नाही, पण पुस्तक छापून पोट भरायचं असेल तर हा मार्ग आपला नव्हे. किरण भिडे यांच्या ‘बहुविध’ या पोर्टलवरच्या ‘पुनश्च’नं उलट टोक धरलं: जुन्या मराठी नियतकालिकांतले निवडक लेख, आणि त्यासाठी वर्गणी. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत चाळायला मिळतातच, तरी लोक वर्गणी भरतात, कारण धुळीतले शंभर अंक चाळून एक लेख काढण्याचं काम कुणीतरी केलेलं असतं. तिसरी वाट ‘साधना’ची. १९४८ साली साने गुरुजींनी सुरू केलेल्या या साप्ताहिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात, ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल पोर्टल २०१९ च्या ऑगस्टपासून चालू आहे, आणि साप्ताहिकातल्या लेखमाला साधना प्रकाशनाची पुस्तकं होऊन विकल्याही जातात. सुटे लेख वाचलेला माणूस पुस्तक घेतो, कारण वीस आठवड्यांचे वीस तुकडे त्याला एका पुठ्ठ्यात हवे असतात. तेरसारख्या गावातून काम करणाऱ्यानं या तिसऱ्या वाटेनं जावं, असं माझं मत आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ.

तेरला जाणाऱ्या माणसाला काय हवं असतं? धाराशिवहून कसं जायचं, संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं, गोरोबाकाकांच्या समाधी मंदिरापासून त्रिविक्रम मंदिर चालत जाण्याजोगं आहे का, जेवायची सोय काय. हे सगळं फुकट द्या, पूर्ण द्या, आणि वर ‘अमुक महिन्यात तपासलेली माहिती’ असं लिहा. ही तारीख कुणी टाकत नाही, म्हणून ती टाकणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. संग्रहालयाला कुलूप पाहून परतलेला माणूस तुमची पुस्तिका जन्मात घेणार नाही.

त्याच्यापुढची एक पायरीही फुकटच असावी. त्रिविक्रम मंदिरात जाणारे बहुतेक जण समोरच्या मंडपातून आत जातात, मूर्तीला हात जोडतात आणि निघतात. त्यांना एवढंच सांगा: मंदिराच्या मागच्या बाजूला जा. तिथे विटांची भिंत काटकोनात वळत नाही, अर्धगोल फिरते. हत्तीच्या पाठीसारखा हा आकार चैत्यगृहाचा, आणि हे बांधकाम मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं अभ्यासक मानतात. हे वाचून जो माणूस खरोखर मागे जाऊन भिंत बघेल, तो तुमचा वाचक झाला. पैसे मागायचे ते त्याच्याकडे, आणि या वाक्यांचे नव्हेत. दोन तासांत गाव कसं पाहावं याचा आखलेला मार्ग, मंदिराचा रेखाटलेला आराखडा, उत्तरेश्वर मंदिराची संग्रहालयात ठेवलेली कोरीव लाकडी चौकट पाहताना काय शोधायचं याची खूण, असं सगळं एका छोट्या पुस्तिकेत बांधून द्या, आणि तिची किंमत लावा.

तेरची सगळ्यात गाजणारी गोष्ट कोणती, तर हस्तिदंती बाहुलीची. इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य सांगितलं जातं. मराठवाड्यातलं एक गाव आणि ज्वालामुखीच्या राखेत गाडलेलं रोमन शहर यांच्यातला हा धागा ज्या लेखात असेल, तो व्हॉट्सॲपवर फिरणारच. पण त्याखाली पुस्तिकेची कितीही मोठी जाहिरात लावा, विक्री जेमतेमच होईल. वाचकाचं कुतूहल लेखातच भागलेलं असतं. उलट ‘शाळेची सहल तेरला नेताना’ असा एखादा रुक्ष लेख लिहा. तो फार थोडे लोक वाचतील, पण त्यात शिक्षक असतील, आणि चाळीस मुलांना काय दाखवायचं या काळजीत असलेला शिक्षक एकदम दहा प्रती मागवील. गाजणारा मजकूर आणि विकणारा मजकूर ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याच्या आकड्यांवरून दुसऱ्याचा अंदाज बांधला की छापलेल्या प्रती माळ्यावर जातात.

विकायला नेमकं काय काढावं, हे ठरवताना कोण घेणार हे आधी धरा. वारकऱ्याच्या घरातल्या आजींसाठी गोरोबाकाकांचे अभंग मोठ्या टायपात. अभंग कुठेही फुकट मिळतात, तरी मोबाइलवरची अक्षरं ज्यांना दिसत नाहीत त्यांना हे पुस्तक हवं असतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक चांगलं काम तसंच पडून आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. हेन्री कझिन्स यांचा तेरवरचा लेख पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगरातून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचकडे जात असल्याचं वर्णन आहे. त्याचं शॉफ यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९१२ चं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, आणि सरकारी प्रकाशनाच्या बाबतीत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी, स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे हे सगळं आता मोकळं आहे. मूळ इंग्रजी पानं आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवा. मराठी अनुवाद, टिपा आणि ‘कझिन्सनं पाहिलेली जागा आज कुठे आहे’ हे दाखवणारे फोटो, याचं पुस्तक करून विका. मूळ फुकट आणि आपली मेहनत विकत, यापेक्षा सरळ विभागणी नाही. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो विक्रीच्या पुस्तकात घ्यायचे असतील, तर मात्र आधी लेखी परवानगी काढा.

एकदा मोकळं ठेवलेलं नंतर कुलपात घालू नका. पुस्तिका निघाली म्हणून जुने लेख काढून टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्यानं विक्री वाढत नाही, आणि ज्यांनी वर्षभर तुमचे दुवे पुढे पाठवले त्यांचं तोंड कडू होतं. याला एकच अपवाद, तोही कराराचा. किंडलवर ई-पुस्तक टाकताना भारतातल्या विक्रीवर ३५ ऐवजी ७० टक्के मानधन हवं असेल, तर ‘केडीपी सिलेक्ट’ घ्यावं लागतं. त्या ९० दिवसांच्या मुदतीत तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. तेव्हा ज्या लेखांवर पुस्तक उभं आहे ते उघडे असतील, तर ३५ टक्क्यांवर समाधान माना किंवा किंडलसाठी नवाच मजकूर लिहा. सही करून मग अटी वाचणारे बरेच असतात.

पीडीएफ विकण्याबद्दल माझं मत फारसं उत्साहाचं नाही. मराठी पीडीएफ विकली, की आठवडाभरात ती ‘वाचनवेडे’ छापाच्या एखाद्या ग्रुपवर दिसते, आणि ती टाकणारा मातृभाषेची सेवा केल्याच्या समाधानात असतो. दर पानावर गिऱ्हाइकाचं नाव छापलं तर थोडा वचक बसतो. पण गावातून काम करणाऱ्यानं छापील वस्तूवरच भर द्यावा. पीडीएफ किंवा ऑडिओ ठेवा परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी, कारण दीडशे रुपयांच्या पुस्तकाला त्याच्या कितीतरी पट टपाल लावणं त्यांनाही परवडत नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेऊ. पुस्तिकेची किंमत १५० रुपये, छपाई प्रतीमागे ६०. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली, तीत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये पडतात, कर वेगळा. म्हणजे पाकिटासह टपालाचे ३० धरा. पैसे थेट यूपीआयनं आले तर काही कापलं जात नाही, पेमेंट गेटवे लावला तर दोन टक्क्यांच्या आसपास जातात. हाती उरतात ५७ ते ६० रुपये. हेच पुस्तक दुकानात ठेवलं आणि दुकानदारानं चाळीस टक्के मागितले, तर टपाल वाचूनही ३० उरतात. दोनशे प्रती स्वतः विकल्या तर बारा हजारांच्या आत-बाहेर. यातून घर चालत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. पण पुढचं पुस्तक यातून छापून होतं, आणि धंदा खिशातून न चालता स्वतःच्या पायावर चालायला लागतो.

ज्ञान पोस्टची एक अट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: जाहिराती असलेल्या किंवा निव्वळ व्यापारी प्रकाशनाला ती मिळत नाही, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. मलपृष्ठावर ओळखीच्या हॉटेलची जाहिरात घेऊन हजार रुपये मिळवाल आणि स्वस्त टपाल घालवून बसाल. आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून. त्याचे पैसे मागणारा दलाल भेटला तर हात जोडा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. पुस्तकाबरोबर कॉफीचे मग, पिशव्या, मातीच्या वस्तू विकायचा विचार असेल, तर थांबा. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायला लागलात की उलाढाल लहान असली तरी नोंदणीचा प्रश्न येतो. त्यासाठी कर सल्लागाराचे पाचशे रुपये आधी खर्च करा.

फुकट देण्यालाही खर्च असतो आणि तो वहीत लिहायला हवा: डोमेन, होस्टिंग, पेट्रोल, आणि मुख्य म्हणजे वेळ. लेखाखाली शाबासकी लगेच मिळते, पुस्तकाची मागणी महिन्यानं येते. त्यामुळे माणूस नकळत लेखच लिहीत राहतो आणि पुस्तिकेचं काम ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलत जातो. आठवड्यातले किती तास कुठे गेले, एवढं महिनाभर टिपून ठेवलंत तर तुमचं तुम्हालाच दिसेल. मी तरी एक तृतीयांश वेळ विक्रीच्या वस्तूसाठी बाजूला काढल्याशिवाय असा धंदा उभा राहिलेला पाहिलेला नाही.

विक्रीची हाक वर्षभर देऊ नका. तेरला विक्रीची सुगी ठरलेली आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी आणि यात्रा, आषाढीला पालखी, हिवाळ्यात शाळांच्या सहली. प्रत्येकाच्या आधी तीन आठवडे पुस्तकाबद्दल मोकळेपणानं बोला, किंमत सांगा, क्यूआर टाका, आठवण करून द्या, लाजू नका. बाकीचे महिने नुसतं द्या. दर दोन दिवसांनी ‘मर्यादित प्रती शिल्लक’ असं लिहिणाऱ्याच्या प्रती कधीच संपत नाहीत, हे लोकांना माहीत झालेलं आहे.

आणि देणगी व किंमत यांची सरमिसळ नको. ‘इच्छेनुसार रक्कम पाठवा’ असं लिहिलं की मराठी माणूस अवघडतो: पन्नास पाठवले तर कमी दिसतील म्हणून काहीच पाठवत नाही. यात्रेतल्या अन्नदानाला पाचशेची पावती फाडणारा माणूस पुस्तकाच्या किमतीत वीस रुपये सुटतात का हे बघतो, कारण त्याच्या लेखी एक दान आहे आणि एक खरेदी. त्याला खरेदी करू द्या. देणगीच घ्यायची असेल तर रीतसर संस्था काढून, पावती देऊन घ्या.

छपाईला भांडवल नसेल, तर ‘ग्रंथाली’नं सत्तरच्या दशकापासून चालवलेला मार्ग आहे: प्रकाशनपूर्व सवलत. दीडशेचं पुस्तक आगाऊ नोंदणीला १२० ला द्या, प्रकाशनाची तारीख छापून सांगा, पन्नास जणांचे पैसे आले की शंभर प्रती छापा. तारीख चुकली तर न मागता पैसे परत करा. गावात राहून धंदा करणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. पुस्तिका निघाली की वाचक चुका काढतील: रस्ता बदलला, फलक हलवला, एका सनात गडबड झाली. त्या दुरुस्त्या सगळ्यांसाठी मोकळ्या ठेवा. दुसऱ्या आवृत्तीत बदललेली पानं मात्र पहिली प्रत घेणाऱ्यांना पीडीएफ करून पाठवा, बिनपैशांनी. गिऱ्हाइकांची यादी पहिल्या दिवसापासून नीट ठेवायची ती याच कामासाठी: नाव, गाव, फोन आणि कोणत्या आवृत्तीची प्रत गेली एवढे चार रकाने पुरतात.